गिटारवाल्या सकपाळबाई

कार्यक्रम सुरू होण्याआधी सकपाळबाई न चुकता माझ्या मिक्सरपाशी यायच्या. बाकीचे कलाकार पावडर, चहा आणि वडापाव यांत गुंतलेले असायचे. बाई मात्र खांद्याला गिटार अडकवून, पदर कमरेला खोचून, चष्म्यातून माझ्या बटणांच्या रांगेकडे हजेरीपट तपासावा तशा बघायच्या आणि विचारायच्या, "महेश, माझा नंबर कुठला?" मी बोट ठेवून सांगायचो, "सहा, बाई." त्या विचारायच्या, "चालू आहे ना?" मी म्हणायचो, "चालू आहे." त्या समाधानाने स्टेजवर जायच्या. पहिलं गाणं सुरू झालं की मी सहा नंबरचं बटण हळूच खाली सरकवायचो, पार तळापर्यंत.

हे मी चार वर्षं केलं. बाईंबद्दल लिहायचं तर सुरुवात माझ्या या लबाडीपासूनच करायला हवी. ती झाकून पुढचं लिहिलं असतं, तर बाईंनी कागद फाडून हातात दिला असता.

महाडच्या बाजारपेठेत माझं साउंड सर्व्हिसचं दुकान आहे. त्या काळात माझं निम्मं काम विलासअण्णांच्या ऑर्केस्ट्राचं असायचं. हळद, पूजा, गावची जत्रा, मंडळाचा वर्धापनदिन, अण्णांना महाड आणि पोलादपूर दोन्ही तालुक्यांतून बोलावणं असे. सकपाळबाई त्या ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायच्या आणि मधूनमधून कोरसला गायच्या. दिवसा त्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायच्या. पोलादपूरच्या वरच्या अंगाला डोंगरात दोन खोल्यांची शाळा होती. लग्न केलं नव्हतं. कुणी कारण विचारलं तर म्हणायच्या, "वेळ मिळाला नाय." शाळेत शुद्ध बोलणाऱ्या बाई चिडल्या की किंवा थट्टेत आल्या की 'नाही'चं 'नाय' व्हायचं.

गिटार त्या शिकल्या डी.एड.च्या वसतिगृहात, खोलीत राहणाऱ्या मैत्रिणीकडून. नोकरी लागल्यावर पहिल्या पगारात त्यांनी स्वतःची गिटार घेतली आणि तीच घेऊन डोंगरातल्या शाळेत हजर झाल्या. शाळेची घंटा म्हणजे दोरीला टांगलेला रुळाचा तुकडा. बाई त्यावर एक ठोका मारायच्या आणि त्या आवाजाला तार जुळवून घ्यायच्या. पोरं पाढे म्हणायची ती गिटारवर. एकदा वरचे साहेब अचानक तपासणीला आले. म्हणाले, "बाई, हे काय चाललंय?"

"सतराचा पाढा, साहेब."

"गिटारवर?"

"पाढा येतो का ते विचारा. कशावर येतो ते मागाहून बघू."

साहेबांनी विचारलं. पोरांनी सतराचा पाढा सरळ म्हटला आणि मग कुणी न सांगता उलटाही म्हटला. साहेब शेरा लिहून निघून गेले. हा किस्सा बाई सांगायच्या तेव्हा शेवटी हमखास म्हणायच्या, "ज्याला उत्तर येतं त्याने आवाज खाली कशाला ठेवायचा?"

आणि अशा बाईचा आवाज मी खाली ठेवत होतो.

कारणं माझ्यापाशी दोन होती. एक खरं होतं. बाईंची जुनी गिटार साधी लाकडी, पोटाला मोठं गोल भोक असलेली. तिच्यापुढे माइक ठेवला की स्पीकरचा आवाज त्या पोटात शिरायचा, आणि गिटार घुमायला लागायची. जरा आवाज वाढवला की अशी शिट्टी मारायची की पुढच्या रांगेतली म्हातारी माणसं कानावर हात ठेवायची. ढोलकी, बेंजो आणि कीबोर्ड यांच्यात ती गिटार ऐकवायची म्हणजे आवाज वाढवायला हवा, आणि वाढवला की शिट्टी. दुसरं कारण अण्णांनी पहिल्याच दिवशी माझ्या कानात सांगितलं होतं. "बॅनरवर बाई गिटार घेऊन बरी दिसते. बाकी ताल कीबोर्डवाला सांभाळतो. तू ते शोभेपुरतंच राहू दे." मला वाटलं, बरं झालं, शिट्टीची कटकट मिटली.

एका शनिवारी दुपारी शाळा सुटल्यावर बाई एसटीने महाडला आल्या आणि थेट माझ्या दुकानात शिरल्या. मोबाईल काउंटरवर ठेवला. आदल्या आठवड्यातल्या कार्यक्रमाचा व्हिडिओ कुणीतरी त्यांना पाठवला होता.

"महेश, यात माझी गिटार शोधून दे."

व्हिडिओत बाई दिसत होत्या. मान हलवत, डोळे मिटून, अगदी जीव ओतून वाजवत होत्या. ऐकू येत होता कीबोर्ड. मी म्हणालो, "बाई, मोबाईलचा माइक तेवढा चांगला नसतो."

त्यांनी दुसरा व्हिडिओ लावला, मग तिसरा. त्यांनी घरी बसून सगळे बघितले होते.

"खोटं बोलणाऱ्या पोरांचे कान लाल होतात," त्या म्हणाल्या. "तुझे झालेत."

मग मी सगळं सांगितलं. शिट्टीचं सांगितलं, अण्णांचंही सांगितलं. बाई स्टुलावर बसल्या. मी पाणी दिलं ते त्यांनी घेतलं नाही. मला वाटलं, आता या रडतील किंवा मला दोन शिव्या देतील. मग त्या म्हणाल्या, "चार वर्षं मी रियाज करून यायचे रे. घरून निघताना पुन्हा एकदा वाजवून बघायचे, चुकू नये म्हणून." त्यानंतर त्यांचा आवाज बदलला. "अण्णांना वाटत असंल मी सोडून जाईन. नाय जाणार. शिट्टी न मारणारी गिटार मिळते का, एवढंच सांग."

मी म्हणालो, मिळते. इलेक्ट्रिकची मिळते. पण तिचा आवाज वेगळा. शिवाय आता दोन्ही आवाजांच्या मिश्र गिटारी निघाल्यात असं ऐकलंय, मी हाताळलेली नाही.

"मग येत्या रविवारी तू माझ्याबरोबर मुंबईला येतोस. ज्याने बंद केली त्यानेच निवडायला मदत करायची."

माझी नाही म्हणायची प्राज्ञा नव्हती.

रविवारी सकाळी रिक्षाने वीर स्टेशन गाठलं. गाडीत बाईंनी वही काढली. पाठकोऱ्या कागदांची, दोऱ्याने शिवलेली. त्यात त्यांनी प्रश्न लिहून आणले होते आणि प्रत्येक प्रश्नापुढे उत्तरासाठी जागा सोडली होती, प्रश्नपत्रिकेसारखी. माणगाव येईपर्यंत त्यांनी माझ्याकडून स्पीकर, माइक आणि शिट्टी यांचा सगळा धडा वदवून घेतला.

मुंबईतल्या गिटारच्या दुकानातला माणूस पन्नाशीचा, पांढरे केस मागे बांधलेला. त्याने माझ्याकडे बघून विचारलं, "बोलिए सर, किस के लिए?"

"वाजवणार मी आहे. माझ्याशी बोला," बाई म्हणाल्या.

त्याने मराठीत सुरुवात केली आणि एक छोटी, फिक्या गुलाबी रंगाची गिटार काढली. "मॅडम, शिकायला ही बेस्ट."

"मी शिकायला घेत नाही. ऐकवायला घेते आहे."

मग त्याने नीट बघितलं त्यांच्याकडे. बाईंनी खुर्ची नाकारली. स्टेजवर उभं राहून वाजवायचं तर निवडतानाही उभंच राहायला हवं, हे त्यांचं म्हणणं. पहिली गिटार त्यांनी घेतली ती जुन्यासारखीच, पण पोटात आवाज पकडणारं पिकअप बसवलेली. बाईंनी मला सांगितलं, "महेश, कार्यक्रमात असतो तेवढा आवाज कर." मी केला. बाई गिटार घेऊन मुद्दाम स्पीकरच्या तोंडासमोर जाऊन उभ्या राहिल्या. गिटार घुं करून घुमली आणि मग तिने अशी शिट्टी मारली की दुकानातली सगळी गिऱ्हाइकं वळली. "ही आपलीच बहीण," म्हणून बाईंनी ती परत दिली.

दुसरी पूर्ण इलेक्ट्रिक. ती स्पीकरसमोर गप्प राहिली. पण बाईंनी त्यावर एक संथ ओवी वाजवली आणि मान हलवली. "जात्यावर तारेचं कुंपण दळल्यासारखं वाटतंय."

मग आली मिश्र गिटार. बारीक पोटाची, वर मोठं भोक नाही. तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीखाली एक पट्टी, ती लाकडी गिटारचा आवाज पकडते. मानेपाशी एक चुंबक, ते इलेक्ट्रिकचा आवाज देतं. एक बटण फिरवलं की दोन आवाज एकमेकांत मिसळतात. बाईंनी संथ वाजवलं तेव्हा बटण एका टोकाला नेलं, जोरात वाजवलं तेव्हा दुसऱ्या टोकाला. मग मध्ये आणून थांबल्या. त्यांचा चेहरा बघून मी मनात म्हटलं, झालं काम. दुकानदारालाही तसंच वाटलं.

पण वहीत प्रश्न शिल्लक होते. "ही बॅटरीवर चालते ना? बॅटरी मेली तर?"

"मॅडम, महिनोन् महिने चालते."

"आमच्याकडे कार्यक्रम महिनोन् महिने नसतो. दीड तास असतो. त्या दीड तासात मेली तर?" असं म्हणून त्यांनी त्यालाच बॅटरी काढायला लावली. गिटार मुकी झाली. बाईंनी ती खाली ठेवली. ती दिसायला देखणी होती, मधाच्या रंगाची. मला वाईट वाटलं.

त्याने आतून आणखी एक आणली. साधा काळपट रंग. बॅटरी काढल्यावर हिची घोडीखालची पट्टी गप्प झाली, पण चुंबक बोलत राहिलं. बाईंनी वहीत बरोबरची खूण केली. दुकानदार म्हणाला, "मॅडम, ह्याच्यात अखंड लाकडाच्या फळीची पण येते, आवाज जास्त गोड." बाई म्हणाल्या, "पावसाळ्यात आमच्याकडे कपाटातल्या चपलांना बुरशी येते. अखंड फळी फुगते, घोडी उचलते. माझी पहिली तशीच गेली. गोड नको, टिकाऊ द्या." शेवटचा प्रश्न वायर लावायच्या भोकांचा होता. या गिटारला दोन होती, दोन्ही आवाज वेगवेगळ्या वायरने बाहेर काढता येत होते.

"हे चांगलं आहे," बाई माझ्याकडे बघून म्हणाल्या. "तू एक बंद केलंस तरी दुसरं राहील."

दुकानदार हसला, त्याला वाटलं थट्टा आहे. मी खाली बघितलं. बाईंनी गिटारबरोबर एक छोटा अ‍ॅम्प्लिफायरही घेतला. परतीच्या गाडीत तो माझ्या मांडीवर होता.

महिनाभरात नाते गावात कार्यक्रम होता. ऊन उतरायच्या वेळी आम्ही सामान लावलं. बाईंनी एक वायर मला दिली आणि दुसरी आपल्या मागे ठेवलेल्या अ‍ॅम्प्लिफायरला जोडली. अण्णा माझ्याजवळ आले. "हे नवीन काय काढलंय बाईने? खालीच ठेव."

मी चाचरत म्हणालो, "अण्णा, ही शिट्टी मारत नाही."

"मशीन तुझं असंल, सुपारी माझी हाय."

पहिलं गाणं सुरू झालं. मी सहा नंबर वर ठेवला. पहिल्यांदाच त्या मैदानात बाईंची गिटार ऐकू आली. ढोलकीच्या ठोक्यांमधून ती अशी स्वच्छ चालत होती की बेंजोवाल्याने वळून बघितलं. दुसऱ्या गाण्याला अण्णा स्वतः मिक्सरपाशी आले आणि त्यांनी हात घालून सहा नंबर तळाला नेला. मी बघत राहिलो. वर्षाचं निम्मं काम त्या माणसाच्या हातात होतं, हे खरंच आहे, पण मी घाबरलो हेही तेवढंच खरं आहे.

बाईंना कळलं. त्या खाली वाकल्या, मागच्या अ‍ॅम्प्लिफायरचं बटण फिरवलं, आणि गिटार पुन्हा ऐकू यायला लागली. आता ती स्टेजच्या पोटातून आल्यासारखी वाटत होती. अण्णा स्टेजवर गेले, हसतमुखाने माइकवर म्हणाले, "बाई, गिटार जरा कमी करा, लोकांना गाणं ऐकू द्या."

बाईंनी वाजवणं थांबवलं नाही. समोरच्या माइकला तोंड लावून म्हणाल्या, "अण्णा, चार वर्षं कमीच होती. लोकांनाच विचारा."

मग पुढच्या रांगेतली एक म्हातारी ओरडली, "वाजव गो बाय! चांगला वाजवतेस!" लोक हसले, टाळ्या पडल्या. अण्णा पुन्हा माझ्या दिशेने येताना दिसले. यावेळी मी सहा नंबर आधीच वर नेला होता आणि त्यावर तळहात ठेवला होता. "अण्णा, मशीनला हात लावू नका," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी अण्णांनी बाईंना ऑर्केस्ट्रातून काढलं आणि मलाही. मी बाईंना फोनवर हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "बरं झालं. तुझी सुट्टी आणि माझी सुट्टी एकदमच लागली. आता कामाला लागू."

काम म्हणजे त्यांनी शाळेच्या ओटीवर बायका जमवल्या. शाळेजवळच्या वाडीतल्या बायका गौरीची गाणी, लग्नातली गाणी, लावणीच्या वेळची शेतातली गाणी म्हणायच्या, पण घराच्या उंबऱ्याच्या आत आणि शेताच्या बांधाच्या आत. बाईंनी त्यांना गिटारच्या साथीने गायला उभं केलं. शेळ्या राखणाऱ्या चंद्राबाईने ढोलकी गळ्यात घातली. अंगणवाडीच्या रेश्माताई गाता गाता बाईंकडून गिटार शिकायला लागल्या. गावातल्या काही कर्त्या माणसांनी बैठक बोलावली. गौरीच्या गाण्याला गिटार कशी चालेल, असा प्रश्न होता.

"गौरीची तक्रार आली तर मला कळवा," बाई म्हणाल्या, "तुमची आलीय ती मी नोंदवून घेतली."

पोलादपूरला पहिला कार्यक्रम झाला. साउंड अर्थात माझा. मागून कुणीतरी ओरडलं, "आधी चुली पेटवा जा!" बाईंनी हाताने बायकांना थांबवलं आणि माइकवर अगदी वर्गात बोलावं तसं म्हणाल्या, "कोण बोललं? उभा राहा. भूक लागली असेल तर घरी जाऊन चूल पेटवून ये, आम्ही थांबतो." कुणी उभं राहिलं नाही. चंद्राबाईने ढोलकीवर अशी थाप मारली की पुढचं बोलायला कुणाला जागाच उरली नाही. त्याच कार्यक्रमात तिसऱ्या गाण्याला बॅटरी गेली. लोकांना कळलंही नाही. बाईंनी बटण चुंबकाच्या बाजूला फिरवलं आणि स्टेजवरून माझ्याकडे बघून भुवया उडवल्या. मला दुकानातली ती मधाच्या रंगाची देखणी गिटार आठवली.

सहा वर्षं ते पथक दोन्ही तालुक्यांत फिरलं. कशेडी घाटाच्या पायथ्यापासून महाडपर्यंत असं गाव नसेल जिथून त्यांना बोलावणं आलं नाही. एकदा अण्णांच्याच गावात, त्यांच्याच पूजेला, त्यांच्या सुनांनी या बायकांना बोलावलं. बाई गेल्या. मी म्हटलं, "बाई, कशाला जाता?" तर म्हणाल्या, "मी अण्णांकडे नाय जात. त्यांच्या सुनांकडे जाते." अण्णा त्या दिवशी मंडपाच्या मागे खुर्ची टाकून बसले होते. गाणी संपेपर्यंत उठले नाहीत.

मग बाईंना धाप लागायला लागली. हृदयाची झडप निकामी होत होती. डॉक्टरांनी गाणं बंद करायला सांगितलं, डोंगर चढायचा नाही असंही सांगितलं. बाईंनी गाणं बंद केलं. शाळा मात्र सोडली नाही. चढाच्या तळाशी एसटीतून उतरायच्या आणि दहा पावलांवर थांबत वर जायच्या. मी रागावलो तर म्हणाल्या, "धाप छातीला लागते. बोटांना नाय लागत." शेवटच्या वर्षी त्या खुर्चीवर बसून वाजवायच्या. उभं राहून वाजवण्याचा हट्ट त्यांनी सोडला, पण मनातून नाही. गाणं संपल्यावर टाळ्या पडल्या की खुर्चीच्या हाताला धरून तेवढ्यापुरत्या उभ्या राहायच्या.

ऑपरेशनसाठी मुंबईला नेलं, तिथून त्या परत आल्या नाहीत. जायच्या आदल्या दिवशी रेश्माताईंना बोलावून त्यांनी गिटार हातात दिली आणि म्हणाल्या, "कपाटात ठेवलीस तर परत घ्यायला येईन."

शाळेच्या पटांगणात शोकसभा झाली. दोन्ही तालुक्यांतली माणसं होती, जुने विद्यार्थी, साहेब लोक, बायका. साउंड मीच लावला होता. एकेक जण बोलून जात होता. अण्णाही आले होते. त्यांचे केस पार पांढरे झाले होते. ते माइकपाशी आले, डोळे पुसले आणि मनापासूनच म्हणाले असतील, "सकपाळबाई म्हणजे शांत बाई. कधी कुणाला दुखावलं नाही, कधी आवाज चढवला नाही. अशी शांत कलाकार पुन्हा होणार नाही."

बायकांच्या घोळक्यातून चंद्राबाई उठून उभी राहिली.

"ओ अण्णा, खोटा नका बोलू. बाई मेल्यात, त्यांचा नाव तरी नीट घ्या. बाई शांत नव्हत्या."

अण्णा माइक धरून उभे होते. त्यांनी चंद्राबाईकडे बघितलं, मग खाली. "नव्हत्या," ते हळूच म्हणाले, आणि माइक सोडून बाजूला झाले.

मागून कुणीतरी हसलं. मग आणखी कुणीतरी. शोकसभेत असं हसू मी कधी ऐकलं नव्हतं, सगळ्या पटांगणभर पसरत गेलेलं, डोळ्यांतून पाणी येत असताना. रेश्माताईंनी गिटार खांद्याला अडकवली, चंद्राबाईने ढोलकी ओढून घेतली, आणि कुणी अध्यक्षांची परवानगी मागितली नाही.